आमची गंगेची वाट

मा. जिल्हाधिकारी साहेब,
नमस्कार.

गोदावरीला आम्ही गंगा म्हणतो. वेशीपासून ती जेमतेम दोन शेतं लांब आहे. तरी मागच्या पोळ्याला, खांदमळणीच्या दिवशी, आम्ही बैल बोअरच्या पाण्यानं धुतले, कारण गंगेकडे जाणाऱ्या पाणंदीत तारेचं कुंपण उभं आहे.

कुंपण उभं राहिलं फाल्गुनात. पैठणला 1976 साली जायकवाडी झालं, तेव्हापासून आमच्याकडे उन्हाळ्यात वरून पाणी सुटलं तरच गंगा ओली होते. कोरड्या नदीकडे कोण फिरकतं? पुढं पेरणीची धांदल. भोयांच्या दोन-तीन घरांनी ओरड केली होती, ती आम्ही कानाआड केली, हेही कबूल करतो. पोळ्याला डोळे उघडले. अर्ज घेऊन तालुक्याला दोन खेपा वाया गेल्या. तिसऱ्या खेपेला कळलं, की मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली वाट मोकळी करून मागायची, तर अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत यायला हवं होतं. 1906 साली गंगेला जायकवाडी नव्हती. तेव्हा वाट अडली की दुसऱ्या सकाळी गावाला कळत असेल.

गावाचं एकमत आहे असं नाही. ऊसवाल्यांच्या मोटारी नदीवर आहेत, पाइप तारेखालून जातात, त्यांना वाटेचं काय? ट्रॅक्टरवाली पोरं म्हणतात, वाळूच्या बाजूनं रस्ता आहे की. आहे, पण तिथं वाळूचे हायवा ट्रक धावतात आणि काठ उभा कापलेला आहे. म्हैस उतरली तर वर येत नाही. नदीकाठच्या मळईतल्या टरबुजांच्या वाड्या तर वाळूबरोबरच गेल्या. ग्रामसभेत बायकांनी एवढंच विचारलं, ‘दहाव्याला कुठं जायचं?’ सगळे खाली बघत बसले. त्याच महिन्यात एका घरचा दहावा पाण्याच्या टाकीच्या नळाखाली उरकला होता.

कुंपण घालणारा परका नाही. सातबारा त्याचा, वाट आपल्या रानातून जाते हा त्याचा राग. पण गावनकाशावर पाणंदीच्या दोन तुटक रेघा गंगेपर्यंत गेलेल्या दिसतात. आणि नदी शासनाची आहे, असं महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चं कलम 20 सांगतं. मग तुमच्या नदीवर आम्ही यायचं कुठून?

नकाशाप्रमाणे पाणंदीची मोजणी करून खुणेचे दगड रोवून द्या. वाळूचा लिलाव काढाल तेव्हा पाणंदीसमोरचा काठ त्यातून वगळा. घाट, फरशी, पेव्हर ब्लॉक काही नको; गुरं उतरतील असा उतार राहू द्या.

मोजणीची तारीख पोळ्याच्या आधीची असावी. नकाशाची प्रत घेऊन आम्ही वेशीत थांबतो. कुंपणवाल्यालाही बोलावलं आहे, येतो म्हणाला.

आपला,
गंगथडीचा एक शेतकरी