दावा लावलाय, बाबा

ती. आई आणि बाबांना शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर बाबा "राहू दे गं" म्हणाले असते आणि विषय तिथंच संपला असता. म्हणून लिहितेय. आपल्या खालच्या भाडेकरूंवर थकलेल्या भाड्यासाठी दावा दाखल केलाय. बाबा, तुम्ही दिलेल्या कुलमुखत्यारपत्राच्या आधारे तुमच्या वतीनं दाव्यावर मी सही केली. आता मागे घे म्हणू नका, आधी सगळं वाचा. आई, तू मोठ्यानं वाच, आणि मध्ये त्यांना उठून जाऊ देऊ नकोस.

तुम्ही म्हणाल, एवढी घाई कशाला. घाई नाही हो. नोटीस दिल्यावर कायद्यानं ९० दिवस थांबावं लागतं, ते थांबलो. आणखी थांबणं परवडणारं नव्हतं, कारण थकलेलं भाडं मागे फार तर तीन वर्षांपर्यंतचंच मागता येतं. तुम्ही इकडे एकेक महिना सबुरी धरता, तिकडे मागचा एकेक महिना कायमचा बुडतो. पैशासाठी करतेय असं वाटू देऊ नका. पैसे तर हवेतच, पण आपल्या नोटिशीला त्यांनी दिलेल्या त्या उत्तरानंतर गप्प बसणं म्हणजे ते म्हणतात ते खरं, असं झालं असतं.

"मिळकतीचे मालक कोण हेच निश्चित नाही, सबब भाडे कोणास द्यावे?" हे वाचल्यापासून तुम्हाला झोप नाही, आईनं सांगितलंय मला. घरात आत्याचाही हिस्सा आहे, म्हणून तिचं नाव त्यांनी मुद्दाम ओढलं. तिचा विषय निघाला की तुम्ही मागे सरता, हे त्यांनी इतकी वर्षं खाली राहून ओळखलंय. पण बाबा, हा दावा मालकीचा नाही, भाड्याचा आहे. महाराष्ट्राच्या १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यात घरमालक म्हणजे सध्या भाडं घेणारा किंवा ते घ्यायचा हक्क असणारा. आजोबा गेल्यानंतरच्या सगळ्या पावत्यांवर सही तुमची आहे. त्या पावत्या ज्यांनी मुकाट्यानं घेतल्या, त्यांनी आता "तुम्ही कोण" विचारायचं? ज्याच्याकडून घर भाड्यानं घेतलं त्याची मालकी भाडेकरूनं नाकारायची नाही, हे तर पुराव्याच्या कायद्यातच आहे. प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचं नाव आहे, ती वारसनोंद आपण सावकाश करू. त्यासाठी हे अडत नाही.

आणि त्या बारा वर्षांची धास्ती सोडा. बारा वर्षं राहिला की घर त्याचं, असं कट्ट्यावर कुणीही सांगतं. परवानगीनं, भाडेकरू म्हणून राहणाऱ्याला ते लागू होत नाही, मग तो बारा राहो नाहीतर चाळीस.

आत्याशी मी आधीच बोलले. तुम्हाला न विचारता, हो. सहमालकांपैकी एकालाही असा दावा लावता येतो, दुसऱ्याची हरकत नसली म्हणजे झालं. तिची हरकत तर नाहीच, उलट "दादाला इतकी वर्षं माझी भीती वाटत होती का रे देवा" म्हणाली आणि रडली. संमतीचं शपथपत्र देते म्हणालीय. तिला फोन करा. दाव्याबद्दल बोलू नका, नुसतं बोला.

पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती, म्हणजे आपल्याकडे राहिलेल्या प्रती, वकिलांनी चाळल्या तेव्हा मी शेजारीच होते. काही पानांवर रेव्हेन्यू स्टॅम्प तिरका चिकटलाय. तो मी चिकटवलेला, बाबा. तुम्ही मला मांडीवर घेऊन पुस्तक पुढं धरायचात, आणि तिरका लागला तरी "अगदी सरळ आहे" म्हणायचात. वकील म्हणाले, इतकं व्यवस्थित पुस्तक क्वचित बघायला मिळतं. मला उगाच आपलीच स्तुती झाल्यासारखं वाटलं.

आता एक गोष्ट सांगायला जड जातेय. साक्ष तुम्हालाच द्यावी लागेल. मला वाटलं होतं कुलमुखत्यार म्हणून मीच उभी राहीन आणि तुम्हाला झळ लागणार नाही. पण जे तुम्हाला स्वतःला माहीत आहे, ते तुमच्या वतीनं मी सांगून चालत नाही. मात्र सरतपासणी, म्हणजे आपल्या बाजूनं द्यायची पहिली साक्ष, शपथपत्रावर होते, ते घरी बसून करू. समोरच्या वकिलाच्या प्रश्नांसाठी, म्हणजे उलटतपासणीसाठी, घरी येऊन साक्ष नोंदवणारा कमिशनर कोर्टानं नेमावा म्हणून तुमच्या गुडघ्यांच्या आणि रक्तदाबाच्या कागदांसह अर्ज करणार आहोत. मंजूर झाला तर तुम्ही तुमच्याच खुर्चीत, आई शेजारच्या खोलीत. नाही झाला तर मी गाडी घेऊन येईन, उशी आणि पाण्याची बाटली घेऊन. जिना एकट्यानं उतरायचा नाही. घर सोडावं लागणार नाही, तुमच्या खोलीतली एक वस्तू हलणार नाही, आई, तुझ्या तुळशीलाही कुणी हात लावणार नाही.

आता नीट ऐका. खालचं पाणी बंद करायचं नाही. बाबा, तुम्ही परवा वॉल्व्हबद्दल बोललात ते मी विसरलेले नाही. पाणी, वीज तोडणं कायद्यानं गुन्हा आहे, आणि मग बरोबर असूनही आपणच आरोपी होऊ. जिन्यात भेटले तर नमस्कार करा, पुढं बोलू नका. कागद दिला तर सही नाही, "नुसतं मिळाल्याची" म्हणाले तरी नाही. पैसे आणून दिले तर वकिलांना विचारल्याशिवाय घ्यायचे नाहीत. घ्यायचेच ठरलं तर "हक्क राखून" असं लिहून पावती करायची, ते वाक्य मी लिहून पाठवीन. आई, पावतीपुस्तकं कपाटात कुलुपात, किल्ली तुझ्याकडे. बाबा भिडेला पडतात.

आणि हो, समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत त्यांनी सगळी बाकी १५ टक्के सरळव्याजानं आणि खर्चासह भरली आणि पुढचं भाडंही नियमित देत राहिले, तर थकबाकीसाठी त्यांना बाहेर काढता येत नाही. म्हणजे बाबा, तुम्हाला ज्याचं वाईट वाटतंय, म्हाताऱ्या काकूंना घराबाहेर काढायचं, ते टाळणं सर्वस्वी त्यांच्या मुलाच्या हातात आहे. त्यानं भरावेत. मला तेवढंच हवंय.

शुक्रवारी सकाळी वकिलांचा फोन येईल, तो बाबांनीच घ्यायचा. गोळी त्याच्या आधी घ्या, नंतर नाही.

तुमची
चिमी