‘धरणापूर्वीचा’ म्हणून विकलेल्या नकाशाबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : जाहिरातीतल्या वर्णनाप्रमाणे नकाशा न मिळाल्याबाबत

महोदय,

‘सर्व्हे ऑफ इंडिया, कोयना खोरे, धरणापूर्वीची मूळ प्रत, एक इंच = एक मैल’ ही आपली जाहिरात वाचून मी गेल्या महिन्यात ४,८०० रुपये भरले. कुरिअर साताऱ्यात वेळेवर आलं, नकाशा नळीत नीट गुंडाळलेला होता. त्याबद्दल काही म्हणणं नाही.

आमचं गाव तापोळ्याच्या खालच्या अंगाला, कोयनेच्या काठी होतं. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात ते बुडालं तेव्हा वडील ११ वर्षांचे होते, आज ७५ चे आहेत. घरात गावाचा एकही फोटो नाही, म्हणून हा नकाशा. टेबलावर पसरला, चारही कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या आणि वडील भिंग घेऊन बसले. वासोटा किल्ला लगेच सापडला. तिथून बोट नदीकडे उतरवत आणलं, तपकिरी रेषा संपल्या आणि निळं लागलं. बराच वेळ ते त्या निळ्यावरूनच बोट फिरवत होते. मग भिंग खाली ठेवून म्हणाले, "पाणी तर मला बामणोलीला गेलं तरी दिसतं."

धरणापूर्वीच्या शीटवर जलाशय येईलच कसा? नंतर मी नकाशाच्या समासातली, म्हणजे कडेची, छापील माहिती वाचली. प्रमाण १:५०,००० छापलंय. इंचाला मैल म्हणजे १:६३,३६०. समोच्च रेषा, म्हणजे सारखी उंची दाखवणाऱ्या रेषा, दर २० मीटर उंचीला आहेत. जुन्या इंची शीटवर उंची फुटांत असते. विकण्याआधी कुणी एकदा जरी समास वाचला असता तरी हे कळलं असतं.

आपले प्रतिनिधी फोनवर म्हणाले, "नकाशा जुनाच आहे, डोंगर तर तेच आहेत ना?" डोंगर आम्हाला आजही दिसतात. आम्हाला हवी होती ती त्यांच्या पायथ्याची वाडी, देवळाची खूण, नदी ओलांडायच्या उताराकडे जाणारी पायवाट.

खरी जुनी शीट आपल्याकडे असेल तर आधी तिच्या समासाचा आणि आमच्या भागाचा फोटो पाठवा, मग बदलून द्या. नसेल तर पूर्ण रक्कम आणि परत पाठवण्याचा खर्च द्या. आणि ती जाहिरात आजही तशीच झळकते आहे, ती आजच काढा. कोयनेचे धरणग्रस्त सांगली, सोलापूर, रायगडपर्यंत विखुरलेले आहेत. आणखी कुणाच्या म्हाताऱ्या वडिलांपुढे असा कागद पसरला जाऊ नये.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. पावती, जाहिरातीची प्रत आणि समासाचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपला ग्राहक,
सातारा