टेनपिन बोलिंगलाही रकाना हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या क्रीडा पानावर टेनपिन बोलिंगला (चेंडू गडगडवत नेऊन समोरच्या दहा पिना पाडण्याच्या खेळाला) क्वचितच जागा मिळते, म्हणून केली क्युलिक यांच्याविषयी लिहीत आहे. न्यू जर्सीतील युनियन येथील या खेळाडूने २४ जानेवारी २०१० रोजी लास वेगासला ‘टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स’च्या अंतिम सामन्यात ख्रिस बार्न्स यांना २६५-१९५ असे हरवले आणि पीबीए टूरचे (अमेरिकेतील व्यावसायिक बोलिंगपटूंच्या स्पर्धामालिकेचे) विजेतेपद मिळवणारी ती पहिली महिला ठरली. या खेळात जास्तीत जास्त गुण ३०० असतात, हे लक्षात घेतले म्हणजे ७० गुणांच्या फरकाचे वजन कळते. मला मात्र त्याआधीची वाट अधिक मोलाची वाटते. महिलांची व्यावसायिक मालिका २००३ मध्ये बंद पडली, तरी वडिलांच्या गाड्या दुरुस्तीच्या गॅरेजात काम करत त्यांनी सराव सोडला नाही आणि २००६ मध्ये पुरुषांसह पात्रता स्पर्धा खेळून टूरमध्ये हंगामभराचे स्थान मिळवले.

आमच्या खळ्यात भाची दहा रिकाम्या बाटल्या मांडून शहाळे गडगडवते. सारवलेल्या जमिनीवरून ते सरळ निघते आणि ऐन वेळी कलंडते (बाटल्या बहुधा उभ्याच राहतात). खऱ्या लेनवर, म्हणजे चेंडू गडगडवायच्या लांब पट्टीवर, खेळाडूकडच्या भागाला तेल लावलेले असते, त्यामुळे चेंडू आधी घसरतो आणि कोरड्या भागात पोहोचल्यावर वळतो. ते वळण ओळखण्यातच निम्मा खेळ आहे. क्रिकेटच्या पानभर मजकुरातून या खेळातील महिलांसाठी महिन्याकाठी एखादा रकाना काढावा, ही विनंती.

आपली वाचक,
मालगुंड, जि. रत्नागिरी