दांडपट्टा हाती घेऊ द्या

शिवजयंतीच्या मिरवणुकीतील मर्दानी खेळांची छायाचित्रे आपल्या अंकात पाहिली. आनंद झाला, पण ही कला लोकांनी रस्त्याच्या कडेला उभे राहून नुसती पाहायची, एवढ्यावरच गाडी किती वर्षे अडायची?

२०२४ मध्ये सरकारने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. २०२५ मध्ये पन्हाळ्यासह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. तरीही इतिहासाची आवड असलेल्या तरुणाला पट्टा एकदा हाताळायचा म्हटला, तर वस्तादाची ओळख काढावी लागते. पट्ट्याच्या खोबळ्यात, म्हणजे हात झाकणाऱ्या धातूच्या मुठीत, हात घातला की मनगट जखडते आणि वार कोपर-खांद्यातून, पाऊल फिरवत काढावा लागतो. लवलवते पाते अंगाबाहेर ठेवताना पहिल्या काही मिनिटांतच दंड भरून येतो. विट्याचेही, म्हणजे दोरी बांधलेल्या भाल्याचेही, तसेच: फेकलेला विटा दोरीला हिसका देऊन परत हातात घेणे किती अवघड, हे टाळ्या वाजवून कळत नाही. काचेच्या कपाटातल्या शस्त्रावरून तर नाहीच.

कोल्हापुरात तालमी आहेत, वस्ताद आहेत. ढाल-म्यान शिवू शकतील असे चामड्याचे कसबी कारागीरही आहेत. महापालिका आणि पर्यटन विभागाने त्यांना रीतसर मानधन देऊन दरमहा एक खुली कार्यशाळा घ्यावी. आधी लाठी, मग बोथट शस्त्रे, तीही वस्तादांच्या देखरेखीखाली. मुलींसाठी वेगळी तुकडी हवीच. पावसाळ्यापूर्वी पन्हाळ्यावर सुरुवात करता येईल.

– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर