विषय : बाथरूमच्या आत बसवलेला गॅस गीझर आणि कधीच न बसवलेला फ्लू पाईप

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या हेल्पलाइनवरच्या माणसाने आत्ता फोन ठेवला. मी बोलत असतानाच ठेवला, म्हणून उरलेलं इथे लिहिते.

गीझर तुमचाच, एलपीजीवरचा, मिनिटाला ६ लिटरवाला. त्याच्या माथ्यावरचं गोल तोंड धूर घराबाहेर नेणारा फ्लू पाईप जोडायला असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. हे यंत्र बाथरूमच्या आत बसवू नये, असं तुमच्याच पुस्तिकेत ठळक छापलंय. तुमच्या डीलरच्या फिटरने ते बाथरूमच्या आत, शॉवरशेजारी बसवलं, वरचं तोंड तसंच उघडं सोडलं आणि वॉरंटी कार्डावर शिक्का मारून गेला. पाईप कुठाय म्हणून विचारलं, तर म्हणाला, "लागत नाही वहिनी, खिडकी आहे की."

आहे खिडकी. ती सताड उघडी ठेवून आषाढात निपाणीत आंघोळ कुणी करत नाही, एवढंच.

या पावसात सासूबाई आंघोळीला गेल्या आणि भिंतीला धरून बाहेर आल्या. डोकं ठणकत होतं, मळमळत होतं, पायांत त्राण नव्हतं. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "घरात गॅस गीझर आहे का?" तुमच्या हेल्पलाइनला तो प्रश्न आजतागायत सुचलेला नाही. घरी येऊन पाहिलं तर एरवी निळी असणारी ज्योत पिवळी झालेली आणि वरच्या पत्र्यावर काजळी. जळायला हवा पुरत नाही किंवा बर्नर तुंबलाय, याची ही सरळ खूण. त्याच दिवशी गीझर बंद केला.

आता आजचा फोन. तुमच्याकडे तो 'गुणवत्तेसाठी' रेकॉर्ड होतो म्हणे, तेव्हा ऐकाच.

आधी तो म्हणाला, बॅटरी बदला. मी म्हटलं, गीझर पेटतोय, तक्रार पेटण्याची नाहीच. "तरी एकदा बदलून बघा मॅडम." ज्योत पिवळी आहे म्हटलं, तर सिलिंडर संपत आला असेल. नवा आहे म्हटलं, तर वास येतोय का? नाही म्हटल्यावर त्याने निकाल दिला : "वास नाही म्हणजे लीकेज नाही. लीकेज नाही म्हणजे प्रॉब्लेम नाही."

मी सांगितलं, बाबा रे, तो वास न जळलेल्या गॅसचा. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन मुद्दाम मिसळतात. अर्धवट जळल्यावर जो कार्बन मोनॉक्साइड होतो त्याला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. माणसाला कळायच्या आत माणूस खाली बसतो. पलीकडे शांतता. मग अत्यंत नम्रपणे : "मॅडम, घरात कुणी जेंट्स आहेत का? त्यांना समजावून सांगतो."

मी म्हटलं, मी हायस्कूलला विज्ञान शिकवते.

"ते बरोबर आहे मॅडम, पण हे जरा टेक्निकल आहे."

आमचे हे शेजारीच होते. यांचं कापडाचं दुकान आहे. यांनी फोन घेतला, आणि ती टेक्निकल गोष्ट अखेर योग्य माणसाच्या कानी पडली : "सर, बॅटरी बदलून बघा."

फोन परत माझ्याकडे आला तेव्हा आणखी एक सल्ला मिळाला, एक्झॉस्ट फॅन लावा. दार बंद, खिडकी बंद, आत हवा यायला वाट नाही आणि वर फॅन ओढतोय. मग गीझरचा धूर फॅनकडे जाताना न्हाणाऱ्याच्या नाकावरूनच जाणार. जोडलेल्या पाईपमधूनसुद्धा अशा वेळी धूर उलटा आत ओढला जातो. हा सल्ला तुमच्या कुठल्या इंजिनिअरने लिहून दिलाय, त्याचं नाव कळवा.

आमच्या आजीच्या तांब्याच्या बंबाला मधोमध धुराडं होतं आणि तो पेटायचा परसात. त्याची वॉरंटी कुणी दिली नव्हती.

माणूस पाठवा म्हटलं, तर दुसरंच नाटक. घेतला कोल्हापुरात, बिल तिथलं. कोल्हापूरचं सेंटर जेमतेम चाळीस किलोमीटरवर, पण ते म्हणतं तुमचा पिन कोड कर्नाटकाचा, हुबळीला सांगा. हुबळी म्हणते बिल महाराष्ट्राचं, कोल्हापूरला सांगा. सीमाभागाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. त्यात माझा गीझर घालू नका.

आणि पुन्हा सांगते, फ्लू पाईप बसवलेला नाही. तुमच्या नोंदीत 'ग्राहकाचे समाधान झाले, तक्रार बंद' असं आहे. कुठल्या ग्राहकाचं?

माहेरी पहिला मिक्सर तुमच्याच कंपनीचा आला होता आणि वर्षानुवर्षं चालला. म्हणूनच गीझर घेताना दुसरं नाव मनात आलं नाही. आता कुणी विचारलं तर हा सगळा पाढा वाचून दाखवणार आहे, आणि शिक्षकांच्या खोलीत बरेच जण विचारतात.

गीझर बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवर हलवा, गरम पाण्याची लाईन आत घ्या, माथ्यावरून वर चढत जाणारा पाईप पाऊस-वाऱ्याच्या टोपीसह लावा, बर्नर साफ करा. खर्च तुमचा. नाहीतर पूर्ण पैसे परत. पंधरा दिवसांत काही झालं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्याने मी राहते तिथेच दावा लावता येतो, पाच लाखांपर्यंत फी नाही. तिथे पिन कोड आणि बिल दोन्ही चालतं.

माणूस पाठवाल तेव्हा त्याच्या हातात पाईप द्या. बॅटऱ्या घरात आहेत.

तुमची (अजून तरी) ग्राहक,
निपाणी, जि. बेळगाव ५९१२३७