कुलर काढायला सांगितलाय, रागावू नका

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर बाबा तुम्ही अर्ध्यातच फोन आईकडे दिला असता, म्हणून लिहितेय. शनिवारी दादा येऊन खिडकीतला कुलर काढून नेणार आहे, त्याला अडवू नका. एसी नवतप्याचं ऊन सुरू व्हायच्या आत बसेल, बिलाचं मी बघते.

बाबा, तुमच्या छातीचा सीटी स्कॅन घेऊन इथल्या छातीच्या डॉक्टरांकडे गेले होते. वाटलं औषध बदलून देतील, पण ते अर्धा तास घराबद्दलच विचारत बसले, कबुतरं येतात का, भिंतीला ओल आहे का, उशी कशाची, नोकरी कुठे केली. मी कापसाच्या जिनिंगमधली तुमची 22 वर्षं सांगितली. कुलर माझ्या तोंडात आलाच नाही, त्यांनीच विचारलं, त्याच्या गवताच्या ताट्या कधी बदलता, टाकीतलं पाणी कधी काढता, बाबा कुठे झोपतात. मी म्हटलं, बरोब्बर समोर. ओल्या ताट्यांवर बुरशी धरते, ती वाऱ्याबरोबर छातीत जाते, काहींच्या फुफ्फुसाला ती सोसत नाही, आधी सूज येते आणि वर्षानुवर्षं तेच चाललं की फुफ्फुस कडक होत जातं. 2017 मधे आपल्या देशातल्या, अशी फुफ्फुसं सुजण्याचे नाहीतर कडक होण्याचे आजार असलेल्या 1,084 पेशंटचा अभ्यास छापून आला, त्यात 513 जणांना हाच आजार निघाला आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांना कुलरची हवा होती.

बाबा, तो कुलर मी पहिल्या पगारातून आणलेला. तुम्ही अख्ख्या गल्लीला दाखवला होता. त्याआधीच्या लोखंडी कुलरसमोर आपण दोघं तोंड करून आऽऽऽ करायचो, आवाज थरथरायचा, आई ओरडायची. तेच आठवतंय सारखं.

अजून काही नक्की नाही हं. कुलरच कारण आहे असं कोणी म्हटलेलं नाही, जिनिंगची धूळही असू शकते, सांध्यांचा आजारही. म्हणून तर 14 तारखेला तुम्हाला दाखवायचंय. छातीचे डॉक्टर, सीटी वाचणारे, संधिवाताचे, गरज पडली तर पॅथॉलॉजीवाले, सगळे एकत्र बसून ठरवतात. दमा म्हणून 2 वर्षं पंप घेतलात, खोकला गेला का? पण पंप आपल्या मनाने बंद करायचा नाही.

आई, जुने एक्स-रे पलंगाखालच्या पेटीत आहेत, सगळे आण, फाटलेले पण. टाकी धुवायला तू अजिबात जाऊ नकोस. इथे खालचीच खोली आहे, जिने नाहीत, सकाळचा चहा साडेपाचला मी देईन. आणि बाबांना चपला नाही, बूट घालून आण, तपासताना 6 मिनिटं चालायला लावतात.

तुमची,
छोटी