नानांचं चित्र, आणि तू सुचवलेला फोटो

नागपूर, रविवार

प्रिय बाळ्या,

तुझे तिन्ही फोटो मिळाले. काल संध्याकाळी ते घेऊन धरमपेठेत त्या चित्रकार बाईंकडे जाऊन आलो. बाई इथल्याच शासकीय चित्रकला महाविद्यालयात शिकलेल्या. वॉटरकलर सोडून दुसऱ्या कशाला हात लावत नाहीत. काम घ्यायला तयार आहेत, पण तू सुचवलेल्या फोटोवरून नाही. आणि यात मी बाईंच्या बाजूने आहे. चिडू नको, आधी पुरतं वाच.

तुला मोतीबाग वर्कशॉपमधला, नाना रिटायर झाले तेव्हाचा फोटो हवा आहे. हार, श्रीफळ, नवा कोट, सगळं खरं. पण फोटोवाल्याने फ्लॅश सरळ तोंडावर मारलाय. चेहरा सपाट, चष्म्याच्या काचा पांढऱ्याफट्ट, डोळे गायब. बाई म्हणाल्या, "यात सावलीच नाही, मी नाक कशाने काढू?" लग्नातल्या ग्रुप फोटोचा तर प्रश्नच नाही, त्यात नानांचा चेहरा हरभऱ्याएवढा आहे. मोठा केला की नुसते ठिपके.

तिसरा मात्र त्यांनी बराच वेळ हातातून सोडला नाही. तू "असाच पाठवतोय" म्हणून टाकलेला, ओसरीवर पेपर वाचतानाचा. डावीकडून सकाळचा उजेड, अंगात बंडी, चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आणि नाना त्यावरून बघताहेत. अबे, हेच नाना! "काय बे, आज शाळा नाही वाटते?" असं विचारायच्या आधी ते असेच बघायचे. कोटातले नाना मला तरी ओळखीचे वाटत नाहीत. तुझ्या ताईला विचार, तीही हेच सांगेल.

आता त्या बंडीची गंमत सांगतो. मला वाटलं, पांढरी बंडी, पांढरे केस, म्हणजे पांढरा रंग लागेल. बाई हसल्या. चांगल्या वॉटरकलरमध्ये पांढरा म्हणजे कोरा कागद. तो आधीच राखून ठेवावा लागतो, नंतर वरून लावता येत नाही. पोस्टर कलर लावतात काही जण, पण तो वेगळा दिसतोच. त्यांनी एका तुकड्यावर करून दाखवलं. केसांना ब्रश लावलाच नाही. मागच्या भिंतीचा गडद तपकिरी ओल्या कागदावर सोडला, डोक्याच्या कडेपाशी आणून थांबवला, आणि पांढरं डोकं आपोआप उठून आलं. बंडीवर फक्त बगलेतल्या आणि पोटावरच्या चुण्यांच्या सावल्या, फिकट निळ्या-जांभळ्या. बाकी कागद. मी तर बघतच राहिलो बाप्पा.

दिवा हातात धरलेल्या बाईचं ते म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं चित्र आठवतं? कॅलेंडरवर असायचं. लोक ते रविवर्म्याचं समजतात, पण ते आपल्या सावळाराम हळदणकरांचं, आणि तेही वॉटरकलर. चेहऱ्यावरचा तो दिव्याचा उजेड कागदावर जलरंगात आणायचा म्हणजे काय हिंमत लागली असेल, ते काल कळलं.

म्हणूनच तुझं "हुबेहूब पाहिजे" मी बाईंना सांगितलंच नाही. हुबेहूब पाहिजे तर फोटो मोठा करून घे, स्वस्तात होईल. इथे काही गोष्टी सुटणार. पेपरातली अक्षरं येणार नाहीत, पायाशी ठेवलेली बादली बाई काढून टाकणार आहेत, ओसरीचा खांब थोडा सरकणार. त्यात ढवळाढवळ करू नको. आपण सांगायचं ते नानांबद्दल. उजव्या भुवईवरचा व्रण फोटोत दिसत नाही, तो मी सांगितला. डोळे घारे होते हेही.

तुझ्या हातात एकच मोका आहे. बाई आधी पेन्सिलचं रेखाटन पाठवतील. ते ताईला, काकूंना, ज्याला नाक खुपसायचं असेल त्या सगळ्यांना दाखव आणि काय ते बोलून घे. एकदा रंग कागदात मुरला की ओल्या ब्रशने थोडाफार उचलता येतो, पण काही रंग अजिबात निघत नाहीत. मग "नानांची हनुवटी अशी नव्हती" म्हणून उपयोग नाही.

एका नातेवाइकांनी ऑनलाइन असंच चित्र मागवलं होतं. आलं ते फोटोवर मोबाइलचा फिल्टर मारून काढलेलं प्रिंट. तिरप्या उजेडात धरलं तर पेन्सिलची एक रेघ नाही. आपल्या बाई अधूनमधून अर्धवट चित्राचे फोटो पाठवतात, तेव्हा ती काळजी नाही.

साइज पाव शीट घेऊ, म्हणजे 11 बाय 15 इंच. कागद जाड, 300 जीएसएमचा, पूर्ण कापसाचा. साधा कागद इतक्या पाण्याने फुगतो, लहरी येतात. पैशाचा आकडा फोनवर सांगतो, निम्मे आधी द्यायचे आहेत. आणि घाई करू नको. सध्याच्या आपल्या उन्हात ब्रश पाण्यात बुडवून परत येईस्तोवर आधीचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, वाळून जातो, कडा उमटतात. चेहऱ्याचं काम बाई पाऊस पडून हवा जरा निवली की करतील. दिवाळीपर्यंत नक्की.

फ्रेम पुण्यातच कर. काच लावून कुरिअरने पाठवायची म्हणजे डोक्याला ताप. चित्र दोन पुठ्ठ्यांत सपाट ठेवून मी महाराष्ट्र एक्स्प्रेसने घेऊन येतो, नाहीतरी यायचंच आहे. फ्रेमवाल्याला माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, लावायला सांग, कागद काचेला टेकता कामा नये, तुमच्याकडच्या पावसाळ्यात बुरशी धरेल. आणि हॉलमधल्या खिडकीसमोरच्या भिंतीवर लावू नको, लाल-गुलाबी छटा उन्हाने आधी उडतात.

आता काम तुझं. ओसरीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा टाकलास, त्यात तो दाबला गेलाय. अल्बममधून काढ, 600 डीपीआयवर स्कॅन कर आणि डॉक्युमेंट म्हणून पाठव. चिकटला असेल तर ओढू नको, फाटेल, अल्बमच्या पानासकट स्कॅन कर. कोपऱ्यात काकूंचा हात दिसतोय, कपबशी धरलेला. तो कापू नको. ठेवायचा की नाही ते बाई काकूंशी बोलून ठरवणार म्हणाल्या, तेव्हा त्यांचा नंबरही पाठव.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
पक्या